लॅव्हेंडर परफ्यूममध्ये वापरायचं कसं: बाटली निवडण्यापासून पहिला फूजेर बनवण्यापर्यंत

लॅव्हेंडर म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी आठवतात, एक म्हणजे मावशीच्या कपाटातली यार्डलीची पावडर आणि दुसरी म्हणजे फरशी पुसायचं जांभळं लिक्विड. माझंही तसंच होतं, त्यामुळे घरी परफ्यूम बनवायला लागल्यावर पहिलं वर्षभर मी या तेलाला हातच लावला नाही. मग एकदा लावला, मोठ्या हौसेने मिश्रण केलं, आईच्या मनगटावर लावलं, आणि आई वास घेऊन म्हणाली, "काय गं, मोरी धुतलीस का?"

राग आला खरा, पण नंतर कळलं की आईचं नाक बरोबर होतं. माझ्याकडच्या बाटलीवर नुसतं 'लॅव्हेंडर ऑइल' लिहिलेलं होतं आणि आत होता लॅव्हेंडिन, म्हणजे साबण आणि क्लीनरवाले जे वापरतात ते. आणि वर दुसरी गंमत अशी की तासाभरात तो वासही गायब झाला. या दोन गोष्टी डोक्यात ठेवा, पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं: बाटलीत नक्की कोणता लॅव्हेंडर आहे हे आधी ओळखायचं, आणि मग तो पळून जातो म्हणून त्याला कशाने तरी बांधायचं.

आधी तीन भाऊ ओळखा

परफ्यूममध्ये येणारे लॅव्हेंडर मुख्यतः तीन. पहिला खरा लॅव्हेंडर, लॅव्हेंड्युला अँगस्टिफोलिया. हा थंड, कोरड्या, उंच जागी वाढतो, फ्रान्समध्ये प्रोव्हान्सच्या डोंगरात साधारण ८०० मीटरच्या वर. दुसरा स्पाइक लॅव्हेंडर, लॅव्हेंड्युला लॅटिफोलिया, खालच्या गरम उतारांवरचा, वास तिखट, औषधी. आणि तिसरा लॅव्हेंडिन, जो या दोघांचा संकर आहे. लॅव्हेंडिनला उगवणारं बी धरत नाही, त्याची लागवड फांद्या कापूनच करावी लागते, पण झाड दणकट आणि तेल भरपूर. खऱ्या लॅव्हेंडरचं किलोभर तेल काढायला शंभर किलोच्या पुढे फुलं लागतात, लॅव्हेंडिनला त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणून लॅव्हेंडिन कितीतरी स्वस्त, आणि म्हणूनच डिटर्जंटपासून फिनाइलपर्यंत सगळीकडे तोच. आपल्या डोक्यात लॅव्हेंडरचा वास म्हणजे बाथरूम असं जे बसलंय ना, त्याचं मूळ इथे आहे.

इन्स्टावर प्रोव्हान्समधल्या व्हालेन्सोलच्या पठाराचे जे जांभळे पट्टे दिसतात ते बहुतेक लॅव्हेंडिनचेच असतात हे कळल्यावर मला जरा फसवल्यासारखंच वाटलं. ओळखायची खूण सोपी आहे: खऱ्या लॅव्हेंडरच्या दांडीला सहसा एकच तुरा असतो, लॅव्हेंडिनच्या दांडीला बाजूला दोन छोटे फाटे फुटून त्यांनाही तुरे येतात.

आता मुद्द्याची गोष्ट, म्हणजे तेलात काय असतं. खऱ्या लॅव्हेंडरचा कणा म्हणजे लिनालूल आणि लिनालिल असिटेट हे दोन पदार्थ. फ्रेंच तेलाच्या मानकात लिनालूल २५ ते ३८ टक्के, लिनालिल असिटेट २५ ते ४५ टक्के आणि कापूर जेमतेम अर्धा टक्का, त्याहून जास्त नाही. लॅव्हेंडिनच्या ग्रॉसो नावाच्या जातीत कापूर ६ ते ८ टक्के, शिवाय निलगिरीत असतं तेच सिनिओल ४ ते ७ टक्के. स्पाइकमध्ये तर सिनिओल १६ ते ३९ टक्क्यांपर्यंत आणि लिनालिल असिटेट जवळपास नाहीच. म्हणजे काय, तर भेद कापूर आणि निलगिरीचा आहे, आणि हे दोन वास मराठी घरात कोणाला शिकवावे लागत नाहीत! आरतीचा कापूर आणि सर्दीला वाफ घेताना टाकतो ती निलगिरी, दोन्हींची नाकाला लहानपणापासून सवय. परदेशातले लोक कोर्स करून जे शिकतात ते आपल्याकडे देवघरात आणि औषधाच्या डब्यात पडलेलं आहे.

विकत घेताना

दुकानात किंवा ऑनलाइन नुसतं 'लॅव्हेंडर ऑइल' लिहिलं असेल तर घेऊ नका. लेबलवर शास्त्रीय नाव, देश आणि बॅच नंबर हवा. 'फ्रॅग्रन्स ऑइल' लिहिलं असेल तर ते मेणबत्तीसाठी वगैरे बनवलेलं तयार मिश्रण असतं, ते वाईटच असतं असं नाही पण त्यात काय काय आहे ते कोणी सांगत नाही, मग फॉर्म्युला लिहिणार कशावर?

भारतात आता काश्मीरकडचं तेल बऱ्यापैकी मिळतं. जम्मूच्या डोडा जिल्ह्यातल्या भदरवाहमध्ये सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या अरोमा मिशनखाली शेतकऱ्यांनी मका सोडून लॅव्हेंडर लावला, त्याला 'पर्पल रिव्होल्यूशन' म्हणतात, २०२२ मध्ये तिथे पहिला लॅव्हेंडर महोत्सवही झाला. मी भदरवाहचं तेल वापरते, मला ते फ्रेंचपेक्षा जरा हिरवट, पाल्याच्या अंगाने जाणारं वाटतं, फूजेरला (लॅव्हेंडर आणि कुमारिनवर उभा असलेला परफ्यूमचा प्रकार, पुढे येतोच) छान चालतं. बल्गेरियाचं थोडं गोड आणि गोलसर असतं. जगात खऱ्या लॅव्हेंडरचं तेल सगळ्यात जास्त काढण्यात बल्गेरियाने फ्रान्सला गेल्या दशकातच मागे टाकलंय, त्यामुळे 'फ्रेंच नाही म्हणजे डुप्लिकेट' असं काही नाही.

विक्रेत्याकडे जीसी-एमएस रिपोर्ट (तेलात कोणता पदार्थ किती टक्के आहे ते सांगणारी लॅबची तपासणी) मागा, आणि तोही तुमच्या बॅचचाच. बघायचं इतकंच: लिनालूल आणि लिनालिल असिटेट वरच्या आकड्यांच्या आसपास आहेत का, कापूर एक टक्क्याच्या वर गेलाय का, टर्पिनेन-४-ऑल आणि लॅव्हेंड्युलिल असिटेट दोन-चार टक्के तरी दिसतात का. शेवटचे दोन महत्त्वाचे, कारण लॅबमधलं लिनालूल आणि लिनालिल असिटेट मिसळून कोणीही मोठे आकडे जुळवतो, पण या बारीकसारीक गोष्टी जुळवायचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. यादीत डायहायड्रोलिनालूल दिसलं तर समजा की सिंथेटिक लिनालूल टाकलंय. बाजारात '४०/४२' नावाचा माल मिळतो, तो एस्टरच्या (म्हणजे मुख्यतः लिनालिल असिटेटच्या) ठरलेल्या आकड्यावर आणून बसवलेला असतो, वास दर वेळी सारखा येतो, साबणाला उत्तम, पण त्याला एका शेताचं तेल म्हणून पैसे देऊ नका.

घरची एक टेस्ट आहे. साध्या कागदावर एक थेंब टाका आणि दुसऱ्या दिवशी बघा. तेलकट डाग राहिला तर त्यात खाण्याचं किंवा कुठलं तरी जड तेल मिसळलंय. डाग नाही राहिला म्हणजे शुद्ध असं मात्र सिद्ध होत नाही, लॅव्हेंडिनही उडून जातो आणि कागद तसाच स्वच्छ राहतो.

अ‍ॅबसोल्यूट नावाचा अजून एक प्रकार दिसेल. तो वाफेवर न काढता हेक्झेनसारख्या सॉल्व्हंटने काढतात. रंग गडद हिरवा, वास गवताच्या गंजीसारखा, गोडसर, आणि तेलापेक्षा कितीतरी जास्त टिकतो. महाग असतो, पांढऱ्या शर्टावर डाग पाडतो. सुरुवातीला ५ ग्रॅम पुरे.

आणि हो, बाल्कनीतल्या कुंडीतल्या झाडापासून परफ्यूम होणार नाही. कोणी विचारण्याआधीच सांगून टाकलं.

सामान

०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा, ०.००१ वाला मिळाला तर सोनाराचं सुख. थेंब मोजून फॉर्म्युला लिहायचा नाद सोडा, प्रत्येक ड्रॉपरचा थेंब वेगळा असतो आणि पाचोलीसारख्या घट्ट तेलाचा तर आणखी वेगळा. काचेच्या छोट्या बाटल्या, प्लास्टिकचे पिपेट, वास घ्यायच्या ब्लॉटरच्या पट्ट्या (जाड ड्रॉइंग पेपर कापून चालतो, मी अजून तेच वापरते), लेबलं, एक वही. वही सगळ्यात महत्त्वाची. "लक्षात राहील" असं वाटतं, नाही राहत.

अल्कोहोलबद्दल थोडं. लागतं ते इथेनॉल, म्हणजे परफ्यूमर्स अल्कोहोल म्हणून विकतात ते, पिता येऊ नये म्हणून त्यात काहीतरी घातलेलं असतं. शुद्ध इथेनॉल आपल्याकडे राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याशिवाय मिळत नाही, त्या भानगडीत हौशी माणसाने पडू नये. सॅनिटायझर किंवा आयसोप्रोपिल वापरू नका, त्याचा स्वतःचा दवाखान्यासारखा वास लॅव्हेंडरवर बसतो, आणि लॅव्हेंडरला आधीच दवाखान्यात जायची हौस. अल्कोहोल नकोच असेल तर फ्रॅक्शनेटेड (न गोठणाऱ्या) खोबरेल तेलात रोल-ऑन करता येतो, पण त्यात वास उठत नाही, अंगालगत राहतो.

पहिला आठवडा नुसता वास घ्या

हे लोक टाळतात आणि मग सहा महिने चाचपडतात. एक ग्रॅम तेल, नऊ ग्रॅम अल्कोहोल, असं १० टक्क्यांचं द्रावण करा. शुद्ध तेल सरळ नाकाला लावलं तर नाक दोन मिनिटांत सुन्न होतं आणि काही कळत नाही.

पट्टीचं टोक बुडवा, वर तारीख-वेळ लिहा. आता लगेच, मग १० मिनिटांनी, अर्ध्या तासाने, एक तासाने, तीन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वास घ्या, आणि दर वेळी जे आठवेल ते लिहा, भाषा शास्त्रीय असायची गरज नाही. माझ्या वहीत भदरवाहच्या तेलासमोर असं लिहिलंय: "लगेच: नाशपाती, जरा आंबटगोड. १० मि.: पाला, दवण्यासारखं पण सौम्य. अर्धा तास: धने!! १ तास: सुकलेलं गवत, हलकंसं. ३ तास: जवळजवळ कागद. सकाळ: कागद."

धने का, तर धन्याच्या तेलात सगळ्यात मोठा वाटा लिनालूलचाच असतो. चार धने तळहातावर चुरडून आधी त्यांचा वास घ्या आणि मग लॅव्हेंडरच्या पट्टीचा, तुम्हाला लॅव्हेंडरच्या आतलं लिनालूल वेगळं दिसायला लागेल. सुरुवातीचा नाशपातीसारखा गोडवा लिनालिल असिटेटचा, तोच बर्गामोटमध्येही (एका लिंबूवर्गीय फळाच्या सालीचं तेल) भरपूर असतो, म्हणून त्या दोघांचं इतकं जमतं.

शेजारी लॅव्हेंडिनची पट्टी ठेवा. त्यात मधल्या वेळात कापूर वर येतो, नाकाच्या वरच्या भागात गार झोंबतं. हा फरक एकदा बसला की पुन्हा कोणी फसवू शकत नाही. पण लॅव्हेंडिन टाकाऊ समजू नका हं, दाढीनंतर लावायच्या कोलोनला तो करकरीतपणा लागतोच, मी कधीकधी तीन भाग लॅव्हेंडर आणि एक भाग लॅव्हेंडिन घेते.

आणि ती शेवटची ओळ बघा: तीन तासांत कागद. लॅव्हेंडर हा असाच आहे, तो दार उघडतो आणि निघून जातो.

बांधायचं कशाने

इतिहासात याचं उत्तर १८८२ मध्ये मिळालं. उबिगां या पॅरिसच्या परफ्यूम घराण्याच्या पॉल पार्के यांनी 'फूजेर रॉयाल' काढला, त्यात लॅव्हेंडर, बर्गामोट, ओकमॉस (ओकच्या झाडावरचं दगडफूल) आणि लॅबमध्ये बनवलेलं कुमारिन होतं. कुमारिन म्हणजे टोंका बीनमधला वास, सुकलेल्या गवताचा, बदामाच्या अंगाने गोड. पावसाळा संपल्यावर गावाकडे कापलेलं गवत दोन दिवस उन्हात पडलं की जो वास येतो ना, तो. लॅव्हेंडरच्या शेवटात गवताची जी पुसट सावली असते तिलाच कुमारिन हात देतं आणि तास-दोन तासांचा वास दिवसभर ओढत नेतं. फूजेर म्हणजे फ्रेंचमध्ये नेचे, आणि नेच्याला खरं तर असा काही वासच नसतो, पण नाव चिकटलं आणि आजही पुरुषांच्या परफ्यूमचा मोठा बाजार याच सांगाड्यावर उभा आहे. १८८९ मध्ये गेर्लांच्या 'जिकी'ने लॅव्हेंडरला व्हॅनिलिन (व्हॅनिलाचा वास देणारा पदार्थ) जोडलं, १९३४ मध्ये कॅरनच्या 'पूर अन ऑम'ने तर लॅव्हेंडर आणि व्हॅनिला एवढंच जवळजवळ समोर ठेवलं. मुद्दा तोच, हलक्याला जड काहीतरी धरायला द्यायचं.

तुम्ही हे पट्टीवर करून बघा, जोड्या लावून. सगळ्यांची १० टक्के द्रावणं करा आणि छोट्या बाटलीत वजनाने मिसळा:

लॅव्हेंडर ५ भाग, कुमारिन १ भाग. हा पाया. एवढंच नीट जमलं तरी परफ्यूमसारखं वाटायला लागतं.

लॅव्हेंडर ९, वाळा १. हे माझं लाडकं. वाळ्याची ओली माती आणि मुळं खाली बसतात आणि लॅव्हेंडर वरून गार वारा घालतो, उन्हाळ्यातल्या माठाच्या पाण्याची आठवण येते. वाळा दोन भाग केलात की लॅव्हेंडर बुडालाच म्हणून समजा.

लॅव्हेंडर ३, जिरेनियम १. जिरेनियम गुलाबी-हिरवट, फूजेरच्या पोटात नेहमी असतो. आपल्याकडे महाराष्ट्रातही काही शेतकरी जिरेनियम लावतात, तेल स्थानिक मिळालं तर बघा.

लॅव्हेंडर १०, दवणा अर्धा. दवण्याची दारूसारखी, जर्दाळूसारखी गोडी येते. जोतिबाच्या चैत्र यात्रेत ज्याने हातात दवणा घेतलाय त्याला हा वास वेगळा सांगायला नको. पण अर्धाच, एक भाग टाकला की बाटली दवण्याची.

पाचोली चालते, नागरमोथाही चालतो पण जरा धुरकट करतो. मोगऱ्याबरोबर मात्र माझं कधीच जमलं नाही, दोघं एकमेकांकडे पाठ करून बसतात, कोणाचं जमलं असेल तर मला फॉर्म्युला हवाय.

व्हॅनिलिन टाकलं तर काही महिन्यांत परफ्यूम पिवळा-तपकिरी होतो, वास बिघडत नाही, फक्त आधी माहीत असू द्या.

पहिला फूजेर, १० ग्रॅम कॉन्सन्ट्रेट

कॉन्सन्ट्रेट म्हणजे अल्कोहोल घालण्याआधीचं वासाचं मिश्रण. हा मी बऱ्याच वेळा बदलत बदलत इथवर आणलाय. यातली हेडिओन, आयसो ई सुपर, गॅलॅक्सोलाइड आणि एव्हर्निल ही लॅबमध्ये बनवलेली वासाची द्रव्यं. सगळं ग्रॅममध्ये:

लॅव्हेंडर तेल ३.०
बर्गामोट (एफसीएफ) १.५
हेडिओन १.२
आयसो ई सुपर १.०
जिरेनियम ०.८
लिनालिल असिटेट ०.७
कुमारिन ०.६
पाचोली ०.४
गॅलॅक्सोलाइड (५० टक्के द्रावण) ०.४
वाळा ०.३
एव्हर्निल ०.१

बर्गामोट एफसीएफच घ्या, म्हणजे त्यातलं बर्गाप्टेन काढलेलं असतं. साधं बर्गामोट अंगावर लावून उन्हात गेलात तर कातडी भाजल्यासारखी काळवंडते, आणि आपल्याकडे ऊन काय असतं ते सांगायला नको. एव्हर्निल हे ओकमॉसच्या जागी आहे. खरा ओकमॉस बऱ्याच लोकांना अ‍ॅलर्जी देतो म्हणून इफ्रा या परफ्यूम उद्योगाच्या संस्थेने त्याचं प्रमाण तयार मालात ०.१ टक्क्यावर आणून ठेवलंय, सुरुवातीला त्या वाटेला जायलाच नको.

वरून वेगळं लिनालिल असिटेट कशाला, तेलात आहेच की, असं वाटेल. ते नसलं तर मिश्रणाच्या गर्दीत लॅव्हेंडरचा पहिला फळासारखा श्वास दबतो. लॅव्हेंडर तेल ३ चं ५ करून हे होत नाही, मी करून बघितलंय, तेव्हा नुसता पाला वाढतो.

करायचं असं. काट्यावर बाटली ठेवून शून्य करा. आधी हेडिओन आणि आयसो ई सुपर घाला, मग कुमारिन आणि एव्हर्निल हे पांढरे स्फटिक त्यात टाका. बाटली कोमट पाण्याच्या वाटीत ठेवून हलवत राहा, विरघळायला वेळ लागतो. घाई करून बाटली गॅसवर वगैरे ठेवू नका, ही सगळी पेटणारी द्रव्यं आहेत आणि अल्कोहोल तर पहिलंच पेटतं, स्वयंपाकघरात करत असाल तर गॅस बंद, उदबत्तीसुद्धा नको. खडे पूर्ण दिसेनासे झाले की जड मंडळी घाला: वाळा, पाचोली, गॅलॅक्सोलाइड. मग जिरेनियम. सगळ्यात शेवटी लॅव्हेंडर, लिनालिल असिटेट, बर्गामोट, कारण ही उडणारी माणसं, आधी घातली तर तुम्ही काट्याशी झटापट करेपर्यंत थोडी निघून जातात.

एखादं जास्त पडलं तर पिपेटने उचलून काढायचा प्रयत्न करू नका, जे पडलं ते वजन वहीत लिहा आणि बाकीचं त्या प्रमाणात वाढवा. मला पाचोली एकदा ०.४ ऐवजी ०.७ पडली होती. ती बाटली भाऊ घेऊन गेला आणि अजून तीच मागतो, आता बोला.

कॉन्सन्ट्रेट झाकण घट्ट लावून एक आठवडा अंधारात. सुरुवातीला प्रत्येक वास वेगळा वेगळा ओरडतो, आठवड्याने एकमेकांशी बोलायला लागतात.

अल्कोहोलमध्ये टाकणं आणि मुरवणं

३० ग्रॅम परफ्यूमसाठी ४.५ ग्रॅम कॉन्सन्ट्रेट आणि २५.५ ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे १५ टक्के. लॅव्हेंडरवाल्याला मी २० च्या वर नेत नाही, जड केलं की त्याचा मोकळेपणा जातो. हलवा, लेबल लावा, तीन-चार आठवडे कपाटात. दर आठवड्याला एक पट्टी ओढा आणि वहीत लिहा. पहिल्या आठवड्यात अल्कोहोलचा झोंबरा वास पुढे असतो, तो नंतर बसतो.

मुरल्यावर एक रात्र फ्रीजमध्ये ठेवा. तळाला धुरळा किंवा स्फटिक दिसले तर थंड असतानाच कॉफी फिल्टरमधून गाळा. कोणी पाणी घालायला सांगतं, एक-दोन टक्के डिस्टिल्ड पाण्याने वास मऊ होतो हे खरं, पण जरा जास्त झालं की सगळं ताकासारखं दुधाळ होतं, तेव्हा आधी पाच ग्रॅमच्या छोट्या बाटलीवर करून बघा.

अंगाला लावायच्या आधी

लोक म्हणतात लॅव्हेंडर एकदम सेफ, सरळ अंगाला लावा. ताजं तेल बहुतेकांना काही करत नाही, पण जुनं झालेलं वेगळी गोष्ट आहे. लिनालूलला हवा लागली की त्याचे हायड्रोपेरॉक्साइड होतात आणि ते अ‍ॅलर्जी देतात. इफ्राने लिनालूल असलेल्या तेलांसाठी पेरॉक्साइडची मर्यादा लिटरला २० मिलिमोल अशी ठेवलीय ती यासाठीच. ही मर्यादा मी स्वतःच्या मनगटावर मोजली असं म्हणायला हरकत नाही: पुण्याच्या मे महिन्यात अर्धी रिकामी बाटली खिडकीत विसरले, ऑगस्टमध्ये उघडली तर वास टर्पेंटाइनकडे झुकलेला, आंबूस, तरी "जाऊ दे, लॅव्हेंडरच आहे" म्हणून लावली आणि चार दिवस खाजवत बसले.

म्हणून तेल आलं की लगेच छोट्या गडद बाटल्यांमध्ये काठोकाठ भरा, आत हवा उरता कामा नये, आणि फ्रीजमध्ये ठेवा, पण आधी घरात सांगून, नाहीतर कोणीतरी ते व्हॅनिला इसेन्स समजून केकमध्ये घालेल. १०० ग्रॅम तेलाला ०.१ ग्रॅम बीएचटी (तेल खराब होऊ न देणारं अँटिऑक्सिडंट) किंवा तेवढंच अल्फा-टोकोफेरॉल (व्हिटॅमिन ई) घातलं की ऑक्सिडेशन बरंच लांबतं. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा, मी साधारण वर्षानंतरचं तेल अंगावरच्या परफ्यूमला वापरत नाही, ते कपाटातल्या सॅशेला, म्हणजे सुगंधी पुरचुंडीला जातं.

तयार परफ्यूम कोपराच्या आतल्या बाजूला एक फवारा मारून ४८ तास थांबा. लाल झालं, खाज आली तर सोडून द्या. दुसऱ्यांना देणार असाल तर लेबलवर लिनालूल, कुमारिन, जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल लिहा, ज्यांना अ‍ॅलर्जी आहे ते नावं बघतात. विकायचं म्हटलं तर कॉस्मेटिकचं लायसन्स वगैरे सगळं येतं, तो वेगळाच विषय.

फसलं तर

मोरी धुतल्यासारखं वाटतंय: तेल लॅव्हेंडिन आहे का बघा. नसेल तर कुमारिन ०.६ चं ०.८ करा आणि जिरेनियम थोडं वाढवा, गोडीने कापराचा कोपरा बोथट होतो.

न्हाव्याच्या दुकानासारखं वाटतंय: मग जमलंय. फूजेरचा वास हाच, आपल्याला तो सलूनमधल्या आफ्टरशेव्हमुळे ओळखीचा. नको असेल तर एव्हर्निल काढा, पाचोली निम्मी करा आणि वाळा ०.३ चं ०.६ करा, लगेच दुकानातून बाहेर येतो.

दोन तासांत संपतं: लॅव्हेंडर वाढवू नका, त्याने फक्त सुरुवात मोठी होते. अर्धा ग्रॅम लॅव्हेंडर तेलाच्या जागी अ‍ॅबसोल्यूट घाला. हा माझ्या आत्ताच्या बाटलीतला बदल आहे, नंबर १४, रंग शेवाळी झालाय. आईला मनगटावर लावून दिला तेव्हा ती काही बोलली नाही, पण संध्याकाळी देवळात जाताना पुन्हा मागितला.